हवेची नोंदवही

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेतील एक पुष्प मी गुंफावे अशी आज्ञा कार्यवाहांनी केली, तेव्हा त्यांच्या मनात एखादा वाङ्मयीन विषय असावा हे उघड होते. मी मराठी घेऊन बी. ए. झालो आणि पुढची एकतीस वर्षे केंद्र सरकारच्या नोकरीत फायली, सेवापुस्तके आणि परिपत्रके यांच्या सहवासात काढली. अशा माणसाने संतवाङ्मयावर बोलावे, निदान निवृत्तिवेतनाच्या नियमांवर तरी बोलावे. मी विषय कळविला, ‘हवेची नोंदवही’. कार्यवाहांनी दूरध्वनीवर विचारले, “म्हणजे हवामान खात्याची नोंदवही का?” मी म्हटले, “नाही, पण जिच्यावाचून हवामानाचे उपग्रह आंधळे ठरतील अशी.” ते क्षणभर थांबले आणि “ठीक आहे” म्हणाले. त्या ‘ठीक आहे’चा अर्थ मला कळला नाही असे नाही.

या विषयाकडे मी वळलो त्याला दोन कारणे आहेत. पहिले घरातलेच आहे. ते आता सांगतो. दुसरे कारण थोडे अवघड आहे. पंचवीस वर्षांपूर्वी माझी पहिल्यांदा विजयवाड्याला बदली झाली होती. त्या वेळी मंडळाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत मी एक लेख लिहिला. त्या लेखात एक धडधडीत चूक आहे. ती कोणती, हे ओघाने येईलच.

आमची कन्या वातावरणविज्ञानात संशोधन करते. दोन वर्षांपूर्वी ती दिवाळीला घरी आली असता जेवणाच्या टेबलावर कागदांचा एक गठ्ठा दिसला. पानामागून पान, ओळीखाली ओळ, नुसते आकडे. सरकारी माणसाला आकड्यांच्या रकान्यांचे भय वाटत नाही; उलट ओळखीचे कोणी भेटल्यासारखे वाटते. मी विचारले, “हे काय गं?” ती म्हणाली, “बाबा, हे हवेचे सेवापुस्तक.” तिने थट्टेने म्हटले असेल, पण त्या रात्री आम्ही बारा वाजेपर्यंत त्या कागदांवर बोलत बसलो. आज मी जे सांगणार आहे त्यातले विज्ञान तिचे आहे. नोंदवहीविषयीचे प्रेम माझे.

त्या गठ्ठ्याचे नाव ‘हायट्रॅन’. हवेतील वायूंचे रेणू कोणकोणता प्रकाश शोषून घेतात याची ती जगन्मान्य सूची आहे. शास्त्रज्ञ तिला डेटाबेस म्हणतात, मी नोंदवही म्हणतो.

प्रकाश शोषणे म्हणजे काय, हे आधी पाहू. रेणू म्हणजे अणूंची जोडणी. आणि ही जोडणी ताठ नसते, तंबोऱ्याच्या तारेसारखी कंप पावते, शिवाय स्वतःभोवती फिरते. तंबोऱ्याची तार ज्या सुरात लावलेली असेल त्याच सुराला प्रतिसाद देते, शेजारच्या सुराला देत नाही. रेणूचेही तसेच. बाष्पाचा रेणू अवरक्त प्रकाशाच्या काही ठरावीक तरंगांनाच प्रतिसाद देतो, तेवढेच शोषतो आणि बाकीचे जाऊ देतो. कार्बन डायॉक्साइडचे सूर वेगळे, ओझोनचे वेगळे, मिथेनचे वेगळे. म्हणून हवेतून आलेला प्रकाश लोलकातून पसरवून पाहिला, तर वर्णपटात जागोजागी काळ्या रेषा दिसतात. प्रत्येक रेष ही कोणत्या तरी रेणूची सही आहे. आपल्या हवेचा नव्व्याण्णव टक्के भाग नत्रवायू आणि प्राणवायू यांचा असला, तरी पृथ्वीची उष्णता अडविण्याच्या बाबतीत ते दोघे जवळजवळ उदासीन असतात. ते काम उरलेल्या एका टक्क्यात दडलेली मंडळी करतात. एवढ्या मोठ्या कारभाराची सूत्रे इतक्या थोड्यांच्या हाती असावीत याचे मला नवल वाटले. कार्यालयात मात्र असे पुष्कळदा पाहिले आहे.

या सह्या प्रथम दिसल्या त्याला दोन शतके झाली. १८१४ च्या सुमारास फ्राउनहोफर या जर्मन काच-कारागिराने सूर्याच्या वर्णपटात पाचशेहून अधिक काळ्या रेषा मोजल्या आणि ठळक रेषांना अक्षरे दिली. त्यांतल्या पहिल्या दोन, म्हणजे ‘ए’ आणि ‘बी’, या सूर्याच्या नाहीतच, आपल्याच हवेतील प्राणवायूच्या आहेत, हे त्यांना माहीत नव्हते. कोणत्या रेषा सूर्याच्या आणि कोणत्या पृथ्वीच्या, हा वाद पुढे बरीच वर्षे चालला. तो मिटविण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्या पिएर जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाचे नाव लक्षात ठेवावे, कारण ते गृहस्थ आपल्याला पुन्हा भेटणार आहेत, आणि तेही येथून अवघ्या तासाभराच्या अंतरावर.

जान्सेन यांनी १८६४ मध्ये जिनिव्हा सरोवराच्या काठी एक मोठी होळी पेटविली. पाइनच्या लाकडांची ती ज्वाळा जवळून पाहता तिच्या वर्णपटात त्या काळ्या रेषा नव्हत्या. सरोवरापलीकडून, एकवीस किलोमीटरवरून तीच ज्वाळा पाहिली तेव्हा रेषा उमटल्या. सूर्याचा तेथे काही संबंधच नव्हता. मध्ये होती ती केवळ सरोवरावरची ओलसर हवा. एवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. १८६६ मध्ये पॅरिसजवळ ला व्हिलेत येथील गॅसच्या कारखान्यात सदतीस मीटर लांबीची लोखंडी नळी त्यांनी दाबाखालील वाफेने भरली, एका टोकाला दिवे लावले आणि दुसऱ्या टोकाला डोळा लावला. सूर्याच्या वर्णपटातील कितीतरी रेषा त्या नळीत हजर होत्या. बाष्पाने आपली सही करून दिली. आज प्रयोगशाळेत शुद्ध वायू भरलेल्या नळ्या आणि आरशांची योजना करून जे मोजमाप चालते, त्याचे मूळ मला त्या लोखंडी नळीत दिसते.

पुढील शंभर वर्षांत अशी मोजमापे असंख्य झाली, पण ती विखुरलेली राहिली. कोणाचे एकक वेगळे, कोणाचे तापमान वेगळे, कोणाचा निष्कर्ष एखाद्या नियतकालिकाच्या जुन्या अंकात. ती एकत्र आणण्याची निकड भासली ती शास्त्राच्या प्रेमापोटी नव्हे, तर संरक्षणापोटी. एंजिनाच्या उष्णतेवरून विमान दुरून ओळखायचे, तर मधली हवा ती उष्णता कोठे गिळते आणि कोठे सोडते हे ठाऊक हवे. म्हणून अमेरिकेच्या हवाई दलाच्या मॅसॅच्युसेट्समधील संशोधन प्रयोगशाळेत १९६० नंतरच्या दशकात हे काम सुरू झाले. मॅक्लॅची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली पहिली सूची प्रसिद्ध केली. तीत सात वायू होते: बाष्प, कार्बन डायॉक्साइड, ओझोन, नायट्रस ऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, मिथेन आणि प्राणवायू. रेषा लाखाहून अधिक. त्या सूचीच्या कर्त्यांत लॉरेन्स रॉथमन हे एक होते, आणि पुढे कित्येक दशके त्यांनी ही वही सांभाळली. काम नंतर हार्वर्ड आणि स्मिथसोनियन यांच्या खगोलभौतिकी केंद्राकडे आले आणि आता यूली गॉर्डन ते पाहतात. फ्रान्समध्ये ‘गीसा’ नावाची अशीच एक वही १९७० नंतरच्या दशकापासून चालत आली आहे. दोन्ही एकमेकींना ताडून पाहतात, हे बरेच आहे.

लष्करी गरजेतून जन्मलेली ही वही आज कोणीही नाव नोंदवून विनामूल्य पाहू शकतो. आमची कन्या हैदराबादेत बसून तीच पाने उघडते जी बोस्टनमधील माणूस उघडतो. २०२० च्या आवृत्तीत पंचावन्न रेणूंच्या रेषा एकेक करून नोंदल्या आहेत.

आता त्या वहीतील एक ओळ पाहू. माझे मन रमले ते येथे, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. कंटाळा आल्यास चहाची वेळ होईपर्यंत सहन करावे.

२००४ च्या आवृत्तीपासून एका रेषेच्या नोंदीला एकशे साठ अक्षरांची जागा मिळते. अगदी सुरुवातीच्या काळात ऐंशीच होती, कारण त्या काळच्या संगणकाच्या भोकपाडी कार्डावर ऐंशीच अक्षरे मावत. प्रारंभी रेणूचा क्रमांक. बाष्प एक, कार्बन डायॉक्साइड दोन, ओझोन तीन, या क्रमाने पहिल्या सातांचे क्रमांक आजही तेच आहेत. नंतर आलेल्यांना पुढचे क्रमांक. ज्येष्ठता यादी कशी असावी याचा हा नमुना. त्यानंतर उपजातीचा अंक. कार्बन डायॉक्साइडमधला प्राणवायूचा अणू नेहमी सोळा वजनाचाच असतो असे नाही, क्वचित अठराचाही असतो. आणि अणूचे वजन बदलले की तारेचा सूर बदलतो. म्हणून प्रत्येक उपजातीची वेगळी नोंद. नेहमीच्या कार्बन डायॉक्साइडला या शास्त्रात ‘६२६’ म्हणतात: सोळातला सहा, बारातला दोन, पुन्हा सोळातला सहा. एक अणू अठराचा असला की ‘६२८’. फाइलीवरचे क्रमांकच जणू. या अंकासाठी वहीत एकाच अक्षराची जागा ठेवली होती. कार्बन डायॉक्साइडच्या उपजाती नऊच्या पुढे गेल्या तेव्हा दहावीला शून्य दिले आणि अकरावीला ‘ए’, बारावीला ‘बी’. कागदाचा नमुना न बदलता वेळ कशी मारून न्यावी हे जगभरच्या कारकुनांना सारखेच समजते.

मग रेषेची जागा, तिची तीव्रता, तिची रुंदी. रुंदीचे कारण मौजेचे आहे. विरळ हवेत रेणू एकटा असतो, त्याची रेष बारीक आणि रेखीव उमटते. खाली दाट हवेत शेजाऱ्यांचे धक्के बसत राहतात, आणि रेष पसरते. त्यामुळे रेषेच्या आकारावरून तो रेणू जमिनीलगत होता की उंच आभाळात, याचाही अंदाज करता येतो. तीव्रता मात्र तापमानावर अवलंबून असते. म्हणून ती सर्वांनी एकाच तापमानाला, म्हणजे सुमारे तेवीस अंश सेल्सियसला आणून नोंदायची असा दंडक आहे.

आणि ओळीच्या शेवटाकडे, बाहेरच्याचे लक्षही जाणार नाही अशा जागी, सहा छोटे अंक असतात. वर दिलेली सहा मूल्ये कितपत विश्वासार्ह आहेत ते हे अंक सांगतात. तीव्रतेपुढे आठ असेल तर चूक एका टक्क्याहून कमी. सात असेल तर एक ते दोन टक्के. तीन म्हणजे वीस टक्के किंवा अधिक. दोन म्हणजे सरासरी किंवा अंदाज. एक म्हणजे मूल्य गृहीत धरलेले आहे. शून्य म्हणजे अनिश्चितता कोणी कळविलेलीच नाही. त्यापुढे आणखी सहा संकेतांक, कोणते मूल्य कोणाच्या मोजमापावरून घेतले त्याचे.

मी ते वाचून थोडा वेळ काही बोललो नाही. एकतीस वर्षांत मी हजारो नोंदी पाहिल्या आणि शेकडो केल्या. ‘ही नोंद आम्ही अंदाजाने केली आहे’ असे लिहिलेली एकही पाहिली नाही.

येथे एक जुनी आठवण सांगतो. नोकरीच्या प्रारंभी, एका गावी, एका कार्यालयात निवृत्तिवेतनाची प्रकरणे माझ्याकडे होती. चतुर्थ श्रेणीतील एक कर्मचारी सेवेत असतानाच वारला. त्याच्या पत्नीचे नाव सेवापुस्तकात प्रथम एक लिहिलेले होते, आणि ते खोडून त्यावर दुसरे लिहिलेले. खोडणाऱ्याची आद्याक्षरे नव्हती, तारीख नव्हती, कशाच्या आधारे खोडले तेही नव्हते. बाईंच्या ओळखपत्रावर तिसरेच नाव. माहेरचे, सासरचे आणि लाडाचे, अशी ती तीन नावे होती हे सर्वांना ठाऊक होते, पण ठाऊक असणे म्हणजे नोंद नव्हे. चौदा महिने ते प्रकरण फिरत राहिले. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्या बाई स्टीलचा डबा घेऊन येत, व्हरांड्यातल्या बाकावर बसत आणि दुपारी निघून जात. मला त्यांच्यासमोरून जावे लागू नये म्हणून मी मागच्या जिन्याने ये-जा करू लागलो होतो, हे आज कबूल करतो. चुकीच्या नावाने त्यांना जेवढे छळले नाही, तेवढे त्या आद्याक्षरे नसलेल्या खोडाखोडीने छळले.

कन्येला मी हे सांगितले. ती म्हणाली, “बाबा, आमच्या वहीत चूक असली तरी ती कोणाकडून आली ते सापडते. जुन्या आवृत्त्याही जपून ठेवतात.” म्हणजे खोडाखोड नाही, दुरुस्ती आहे.

कोणी म्हणेल, एक-दोन टक्क्यांनी काय बिघडते? येथे बिघडते. जपानने ‘गोसॅट’ हा उपग्रह २३ जानेवारी २००९ रोजी सोडला, अमेरिकेने ‘ओसीओ-२’ हा २ जुलै २०१४ रोजी. दोघांचे मुख्य काम हवेतील कार्बन डायॉक्साइड वरून मोजणे. हे उपग्रह वायूला स्पर्शही करीत नाहीत. जमिनीवरून परतलेल्या सूर्यप्रकाशात कार्बन डायॉक्साइडच्या आणि प्राणवायूच्या रेषा किती गडद आहेत तेवढेच पाहतात. इतकी गडद रेष म्हणजे किती रेणू, हे उपग्रहाला कोण सांगणार? ते प्रयोगशाळेत मोजलेल्या नोंदीच सांगतात. उपग्रह हा तराजू आहे, वही हे त्याचे वजन आहे. आणि वजनमापे खात्याचा शिक्का नसलेल्या वजनाने घेतलेल्या भाजीविषयी येथील भगिनींना मी काही सांगायला नको.

आता हिशेब करा. आज हवेच्या दहा लक्ष भागांत कार्बन डायॉक्साइडचे सुमारे सव्वाचारशे भाग आहेत. १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआवर मोजणी सुरू झाली तेव्हा ते सुमारे तीनशे पंधरा होते. अलीकडे दरवर्षी सरासरी अडीच भागांच्या आसपास भर पडते. वहीतल्या तीव्रतेत एक टक्का चूक राहिली, तर मोजमाप चार भागांनी ढळेल, म्हणजे दीड-पावणेदोन वर्षांची सबंध जगाची वाढ त्या एका टक्क्यात बुडून जाईल. म्हणून या उपग्रहांसाठी पाव टक्क्याच्या घरातली अचूकता लागते आणि वहीतला सातचा अंक आठवर आणण्यासाठी माणसे वर्षानुवर्षे नळ्या भरीत आणि गणिते मांडीत बसतात.

ओझोनची कथा तर अजून बोलकी आहे. ओझोन मोजण्याचे दोन मार्ग आहेत, अतिनील प्रकाशाने आणि अवरक्त प्रकाशाने. हवा तीच, ओझोन तोच, पण दोन मार्गांनी आलेल्या उत्तरांत काही टक्क्यांची तफावत निघे. उपकरणे तपासली, गणिते तपासली. वाद अनेक वर्षे चालला आणि बोट अखेरीस अवरक्त रेषांच्या तीव्रतेकडे वळले. नवी मोजमापे आणि नवी सैद्धान्तिक गणिते यांच्या आधारे २०२० च्या आवृत्तीत ओझोनच्या प्रमुख पट्ट्याच्या तीव्रता सुमारे तीन टक्क्यांनी सुधारल्या. ज्या वायूच्या थराविषयी १९८७ मध्ये मॉन्ट्रियल येथे जगातल्या राष्ट्रांनी करार केला, त्याच्या मापाच्या मुळाशी ही तीन टक्के होती.

आपल्या देशाचेही यात काम गुंतलेले आहे. २६ जुलै २०१३ रोजी सोडलेल्या ‘इन्सॅट-३डी’ या भारतीय उपग्रहावर एकोणीस वाहिन्यांचा एक ‘साउंडर’ होता, त्यांतल्या अठरा अवरक्त. आकाशाच्या कोणत्या थरात किती उष्णता आणि किती ओल, हे अशी उपकरणे रेषांच्या पट्ट्यांवरूनच काढतात. २०२४ च्या सप्टेंबरात बुडमेरूचे पाणी आपल्यापैकी कित्येकांच्या घरात आले, तळमजल्यावरची मंडळाची पुस्तके आपण ओंजळीओंजळीने वर नेली. तेव्हापासून, आकाशात किती बाष्प आहे हा प्रश्न निदान मला तरी पुस्तकी वाटेनासा झाला.

एक प्रसंग मात्र असा आहे की जेथे वहीत चूक नव्हती; नोंदच नव्हती. युरोपचे ‘व्हीनस एक्स्प्रेस’ हे यान २००६ च्या एप्रिलात शुक्राजवळ पोहोचले. शुक्राच्या क्षितिजावरून मावळत्या सूर्याकडे पाहताना त्याच्या वर्णपटमापकाला ३.३ मायक्रॉनच्या आसपास एक अनोळखी खूण दिसली. वही चाळली, अशी सही कोणाचीच नव्हती. त्या प्रदेशात सहसा कार्बन-हायड्रोजनचे बंध असलेल्या सेंद्रिय रेणूंच्या रेषा येतात, आणि शुक्राच्या त्या भट्टीत सेंद्रिय रेणू कोठून येणार? इकडे अमेरिकेतील मायकेल मुमा आणि त्यांचे सहकारी हवाई बेटांवरील दुर्बिणीतून मंगळ पाहत होते. त्यांनाही तीच अनोळखी खूण दिसली होती. दोन्ही ग्रहांच्या हवेत पंच्याण्णव टक्क्यांच्या वर-खाली कार्बन डायॉक्साइड. दोघांनी आपापली चित्रे ताडून पाहिली तेव्हा उलगडा झाला. तो कोणी नवा पाहुणा नव्हता, आपला ‘६२८’ होता! हजारात जेमतेम चार असणाऱ्या त्या उपजातीचा एक क्षीण पट्टा, जो पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत कोणाच्या डोळ्यांत भरला नव्हता. घरातलाच माणूस, हजेरीपटावर नाव नसल्यामुळे परका ठरला होता. पुढे त्याच्या रेषांना वहीत जागा मिळाली. मंगळावर मिथेनचा शोध घेणारे शास्त्रज्ञ याच प्रदेशात पाहतात. तेव्हा ही नोंद राहून गेली असती तर कोणी कशाला काय समजले असते याची कल्पना करावी.

आता माझ्या चुकीकडे येतो.

माझे गाव देवगड तालुक्यात, विजयदुर्गाच्या पंचक्रोशीत. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून चौथरे आहेत. लहानपणी आजोबा तेथे नेत आणि सांगत की येथूनच एका इंग्रज साहेबाने सूर्याकडे पाहून हेलियम शोधून काढले. मी ते अभिमानाने ऐकले आणि पंचवीस वर्षांपूर्वी रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत तितक्याच अभिमानाने लिहिले. कोठे ताडून पाहिले नाही. हायट्रॅनच्या पद्धतीने त्या वाक्यापुढे अंक घालायचा तर शून्य.

माझ्या लेखाचे वाचन एका घरात फार मनापासून झाले. आपल्या मंडळातील एक मुलगा त्या वेळी गुंटूरच्या एका शाळेत होता. त्याने शालेय प्रदर्शनासाठी तक्ता केला आणि माझे वाक्य मोठ्या अक्षरांत लिहिले. गुंटूरच्या शाळेत! त्याच्या शिक्षकांनी सर्वांसमोर विचारले, “बाळ, ते ग्रहण जान्सेन यांनी कोणत्या गावातून पाहिले?” मुलाला सांगता आले नाही. तो मुलगा आता चाळिशीकडे आला आहे, अभियंता आहे, आणि आज या सभागृहात बसला आहे. गेल्या वर्षी कोजागरीला त्याने मला हे हसत हसत सांगितले. मी हसलो नाही.

खरी हकीकत अशी. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. जिनिव्हाची होळी आणि ला व्हिलेतची नळी करणारे तेच जान्सेन त्यासाठी भारतात आले होते आणि गुंटूरला एका फ्रेंच व्यापाऱ्याच्या घरी त्यांनी आपली उपकरणे मांडली होती. सूर्याच्या ज्वाळांच्या तेजस्वी रेषा त्यांनी पाहिल्या आणि ग्रहण नसतानाही त्या पाहता येतील हे ओळखून दुसऱ्या दिवशी तसे करून दाखविले. जमखंडीहून, म्हणजे पटवर्धनांच्या संस्थानातून, लेफ्टनंट जॉन हर्शेल हेही तेच ग्रहण वर्णपटमापकातून पाहत होते. नॉर्मन लॉकयर त्या दिवशी इंग्लंडमध्ये होते. त्यांनी तेथूनच २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहण नसताना, त्या रेषा पाहिल्या. ज्या पिवळ्या रेषेचा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी मेळ बसेना, तिच्यावरून हेलियमची कल्पना निघाली. आणि पृथ्वीवर ते सापडले १८९५ साली, रॅम्से यांना. लॉकयर विजयदुर्गाला आले हे खरेच आहे, पण ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, तीस वर्षांनंतर. ओटे खरे, साहेब खरा, ग्रहणही खरे. साल मात्र दुसरे आणि शोध दुसरीकडचा.

संपादक-मंडळाला मी लेखी विनंती केली आहे की सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत हे भाषण छापताना जुना अंक कोणी बदलू नये, ग्रंथालयातील प्रतीवर खाडाखोड करू नये. या भाषणाच्या शेवटी पुढील मजकूर द्यावा आणि खाली माझी आद्याक्षरे व तारीख घालावी.

शुद्धिपत्र. रौप्यमहोत्सवी स्मरणिकेतील माझ्या विजयदुर्गावरील लेखात, ‘१८६८ च्या ग्रहणाच्या वेळी लॉकयर यांनी विजयदुर्गावरून हेलियमचा शोध लावला’ याऐवजी ‘१८६८ चे ग्रहण जान्सेन यांनी गुंटूरहून पाहिले, लॉकयर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते व १८९८ च्या ग्रहणासाठी ते विजयदुर्गाला आले’ असे वाचावे. मूळ विधानाचा आधार: ऐकीव.